वेठबिगारीतून सोडवणारी सरकारी सेवा: सुटका होते, कागद होत नाही

ज्यांना पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. अडकलेल्या माणसाला सोडवून आणायचं काम सरकार आता बऱ्यापैकी करतं. फोन लागतो, पथक जातं, पोरंबाळं घरी पोचतात. पण सोडवल्यावर जो एक कागद हातात पडायला पाहिजे, मुक्तता प्रमाणपत्र, तो मिळवताना माणूस मेटाकुटीला येतो. आणि तो कागद नसेल तर मदत नाही, उचल, म्हणजे कामाआधी घेतलेले पैसे, फिटल्याचा पुरावा नाही, केसला जोर नाही, आणि पुढच्या दिवाळीनंतर तोच माणूस मजूर नेणाऱ्या त्याच मुकादमाच्या पिकअपमध्ये बसलेला दिसतो. म्हणून सोडवणुकीला माझे पाचपैकी चार आणि कागदाला एक, तो एकसुद्धा काही भल्या अधिकाऱ्यांमुळे.

माझं सातपुड्याच्या पायथ्याशी एका तालुक्याच्या गावाला स्टँडसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तालुका मुद्दाम लिहीत नाही, ज्यांच्या केस आहेत ती माणसं ओळखू येऊ नयेत. रेशन, जातीचा दाखला, वनपट्ट्याचे कागद, बँकेची केवायसी, सगळं माझ्याकडे येतं, आणि त्यातच अधूनमधून असं कुटुंब येतं ज्यांच्याकडे काहीच कागद नसतो कारण आधार कार्ड मुकादमाने "सांभाळायला" म्हणून ठेवून घेतलेलं असतं. ह्या लोकांचे अर्ज टाइप करता करता, त्यांच्यासोबत तहसील आणि प्रांत ऑफिसला जाता जाता मला ही सेवा आतून कळली, म्हणून लिहितोय. मी वकील नाही, कुठल्या संस्थेतही नाही.

बाहेरच्यांना थोडं सांगतो. नंदुरबार, धुळे आणि जळगावची चोपडा-यावलकडची बाजू, इथल्या पाड्यांवरून पाऊस संपला की माणसं निघतात. दक्षिण गुजरातमध्ये ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, सौराष्ट्रात शेतावर भागाने. जायच्या आधी मुकादम येतो आणि उचल देतो. बहुतेक वेळा ती पोळ्याच्या आसपास दिली जाते, घरात धान्य संपलेलं असतं, पोरगं आजारी असतं किंवा लग्न काढलेलं असतं, तेव्हाच. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणजे बाईची मजुरी वेगळी धरतच नाहीत, तिचं नाव कुठल्याच वहीत नसतं. काही ठिकाणी तर उचल वसूल करताना दीडपट करून वसूल करतात. आता उचल घेऊन कामाला जाणं म्हणजे वेठबिगारी असं मी म्हणत नाही, आमच्याकडे हजारो लोक उचल घेतात, काम करतात, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी परत येतात आणि हिशोब होतो. वेठबिगारी तिथे सुरू होते जिथे माणसाला निघायचं असतं आणि निघू देत नाहीत.

आता सेवेतल्या एकेका गोष्टीबद्दल.

फोनची सोय चांगली आहे. लहान मुलांसाठी १०९८, बाकी कुणासाठीही ११२, बायकांसाठी १८१, रेल्वेत असाल तर १३९, आणि मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००. हे नंबर दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरात चिकटवलेत. १०९८ १९९६ ला मुंबईतून सुरू झाला, बरीच वर्षं संस्थांची माणसं तो चालवायची, २०२३ पासून मिशन वात्सल्य ह्या केंद्राच्या मुलांसाठीच्या योजनेत सरकारने स्वतःकडे घेतला आणि ११२ ला जोडला. फायदा असा की आता पोलीस लगेच जोडले जातात. तोटा असा की पूर्वी फोनवर जी संस्थेची ताई असायची ती आपल्याच भागातली असायची, तिला धडगाव कुठे, मोलगी कुठे, पाडा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागायचं नाही. आता फोन उचलणारा पूर्ण पत्ता, पिनकोड, लँडमार्क विचारतो, आणि ज्या बाईचा पोरगा भट्टीवर आहे तिला फक्त एवढंच माहीत असतं की "बारडोलीच्या पुढे, कालव्याच्या बाजूला". वर तिला नुसती पावरी बोली येते. पावरी किंवा भिलोरी बोलणारं माणूस लाइनवर मिळायला पाहिजे, निदान नंदुरबारसाठी तरी, ही माझी पहिली मागणी. तोपर्यंत मी लोकांना सांगतो की फोन करायच्या आधी तिथल्या कुणाकडून तरी व्हॉट्सॲपवर लोकेशन मागवून घ्या, लोकेशन असलं की काम फार पटकन होतं.

रेल्वेचं सांगायलाच पाहिजे कारण भुसावळ आमच्याकडे आहे. बिहार, यूपी, बंगालकडून मुंबई-पुण्याला आणि सुरतला जाणाऱ्या कितीतरी गाड्या भुसावळवरून जातात आणि आरपीएफचे, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचे, लोक डब्यातून फिरून एकट्या पोरांची चौकशी करतात, त्यांचं ऑपरेशन आहट म्हणून मानवी तस्करीविरुद्धचं खास काम आहे. हे काम मोलाचं आहे, मी स्वतः प्लॅटफॉर्मवर बघितलंय, हवालदार पोराला आधी पाणी-बिस्किट देतो, मग विचारतो कुठं चाललास, सोबत कोण. पण ह्याच स्टेशनवरची एक गोष्ट विसरू नये. मे २०२३ मध्ये दानापूर-पुणे एक्सप्रेसमधून बिहारच्या ५९ मुलांना भुसावळ आणि मनमाडला उतरवलं, तस्करी आहे म्हणून, सोबतच्या पाच जणांना अटक झाली, ते चारएक आठवडे आत राहिले. मुलं सांगलीकडे मदरशात शिकायला चालली होती, आई-बापांना माहीत होतं. २०२४ मध्ये पोलिसांनीच गैरसमज झाला म्हणून केस बंद केल्या. त्या मुलांना घरापासून लांब बालगृहात राहावं लागलं. आता ह्यावरून तपासणीच बंद करा असं म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही, तपासणी पाहिजेच. पण आई-बापाला फोन लावून विचारायला एक तास लागतो, तो तास आधी द्या, मग गुन्हा दाखल करा. सोडवणुकीत मी एक मार्क कापला तो ह्यासाठी. एक चुकीची केस झाली की दहा खऱ्या केसमध्ये लोक पोलिसांशी बोलायला घाबरतात.

आता कायदा. कायद्याला मी पाचपैकी पाच देईन, खरंच सांगतो. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा आहे, आणीबाणीत आधी वटहुकूम निघाला, मग कायदा झाला. संविधानाचं कलम २३ तर पहिल्यापासून आहेच, माणसांचा व्यापार आणि वेठ दोन्हीला बंदी. पण ह्या १९७६ च्या कायद्यात काय काय आहे ते आमच्या लोकांना कुणी सांगतच नाही. एक, वेठीचं कर्ज कायद्यानेच संपलेलं आहे, ते फेडायची जबाबदारीच उरत नाही, आणि मालकाने ते वसूल केलं तर तोच गुन्हा. दोन, हे कर्ज वेठीचं नाही असं मालक म्हणत असेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी मालकाची, मजुराची नाही. अंगठा लावणाऱ्या माणसाने पुरावा कुठून आणायचा हे कायदा लिहिणाऱ्याला कळत होतं. तीन, जिल्ह्याला आणि प्रांताच्या पातळीवर दक्षता समिती असली पाहिजे, आणि प्रांतसाहेब स्वतः ताबडतोब चौकशी करून निकाल देऊ शकतात, कोर्टात वर्षानुवर्षं जायची गरज नाही. आदिवासी किंवा दलित माणसाकडून सक्तीने काम करून घेतलं आणि करून घेणारा त्या समाजांतला नसेल तर वर ॲट्रॉसिटीसुद्धा लागते.

शिक्षेचं मात्र जुनंच आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारापर्यंत दंड. १९७६ ला दोन हजार मोठी रक्कम होती, आज भट्टीमालकाच्या एका दिवसाच्या डिझेललाही पुरत नाही. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तस्करीचं कलम १४३ आहे, त्यात कमीत कमी सात वर्षं आणि एकापेक्षा जास्त माणसं असतील तर कमीत कमी दहा, ते कलम लागलं तरच मुकादम घाबरतो. ते लागावं म्हणून भांडावं लागतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कागद.

माझ्याकडे एक जोडपं आलं होतं, भिल समाजाचं, धुळे जिल्ह्याच्या सपाटीकडचं, अहिराणी बोलणारं. वीटभट्टीवर गेले होते, राज्याचं आणि जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. उचल ४० हजार. हजार विटांमागे दर ठरला होता, तोंडी. त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी सहसा नसते, दादाने, म्हणजे नवऱ्याने, निघताना मुकादमाची लहान वही उचलून आणली होती. मी त्या वहीची झेरॉक्स काढली तेव्हा एकेक पान बघितलं. पहिल्या पानावर उचल ४०,०००. पुढे दर रविवारी खर्ची, म्हणजे आठवड्याच्या खर्चाला दिलेले पैसे, कधी ८००, कधी १०००. मधेच दवाखाना, मधेच लाइट, मधेच नुसतं "गैरहजर" आणि पुढे रकमेचा आकडा, म्हणजे वहिनी तापाने झोपली त्या दिवसाचे पैसे उलटे चढवलेले. शेवटच्या पानावर बाकी ५३ हजारांच्या वर. आणि अख्ख्या वहीत विटा किती पाडल्या ह्याची एक ओळ नाही. सात महिने नवरा-बायको आणि बारा वर्षांचा पोरगा पहाटे तीनला उठून चिखल मळत होते, विटा थापत होते, आणि त्या कामाचा वहीत उल्लेखच नाही, फक्त देणं लिहिलेलं. मला वाटलं एवढा पुरावा असल्यावर काम दोन दिवसांत होईल.

सुटका पटकन झालेली होती हे मान्य करायला पाहिजे. नातेवाइकाने फोन केला, पोलीस गेले, कामगार खात्याचे लोक गेले, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना भट्टीवरून काढलं. पण तिथल्या ऑफिसमध्ये जबाब घेताना पहिला प्रश्न काय, तर "तुम्हाला कुणी बांधून ठेवलं होतं का?" दादा म्हणाला नाही. खरंच कुणी बांधलं नव्हतं. दुसरा प्रश्न, "उचल घेतली होती ना?" हो. "मग स्वतःच्या मर्जीने गेलात ना?" हो. झालं. पंचनाम्यात लिहिलं, मजुरीच्या हिशोबावरून वाद. मालकाला बोलावलं, समजावलं, गाडीभाड्याचे पैसे द्यायला लावले आणि सगळ्यांना बसमध्ये बसवून दिलं. ऑफिसच्या लोकांनी वाईट हेतूने केलं असं मला वाटत नाही, उलट त्यांना वाटलं आपण गरिबाचं भलं केलं, लवकर घरी पाठवलं. पण एका ओळीने त्या कुटुंबाचं सगळं गेलं. वेठबिगार लिहिलं असतं तर प्रमाणपत्र मिळालं असतं, प्रमाणपत्रावर मदत मिळाली असती, आणि ५३ हजार कायद्याने शून्य झाले असते. मजुरीचा वाद लिहिल्यामुळे ५३ हजार जिवंत राहिले आणि मुकादम होळीच्या आधी घरी येऊन बसला.

साखळदंड असला तरच वेठबिगार ही समजूत ऑफिसाऑफिसांत पक्की बसलेली आहे. सुप्रीम कोर्टाने १९८२ लाच एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करायला लागणं हीच सक्तीची मजुरी, भुकेची सक्तीसुद्धा सक्तीच आहे. डिसेंबर १९८३ ला बंधुआ मुक्ती मोर्चाच्या केसमध्ये त्याच्याही पुढे जाऊन सांगितलं, सक्तीचं काम दिसलं तर त्यामागे उचल असणार असं धरून चला. म्हणजे चाळीस वर्षं होऊन गेली. तरी पहिला प्रश्न बांधून ठेवलं होतं का हाच.

ह्याच्या उलट अनुभव पण सांगतो, नाहीतर रिव्ह्यू एकतर्फी होईल. दुसऱ्या एका केसमध्ये एक बाई अधिकारी आल्या होत्या चौकशीला, पद लिहीत नाही. त्यांनी बायकांना बाजूला वेगळं बसवलं, मालकाच्या माणसाला बाहेर जायला सांगितलं, आणि बांधलं होतं का वगैरे काही विचारलंच नाही. विचारलं, बाजाराला जायचं असलं तर सगळे जायचे की कुणी एक मागे राहायचं? बायका म्हणाल्या, पोरं मागे ठेवावी लागायची. मग विचारलं, मधेच दुसऱ्या भट्टीवर चांगला दर मिळाला असता तर गेला असता का? जाऊ देणार नाही, पैसे फेडून जा म्हणतात. मग, दिवसाचा हिशोब कधी दाखवला? कधीच नाही. फोन कुणाकडे होता? मुकादमाकडे. पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. कायदा ह्याच गोष्टी विचारतो, उचलीच्या बदल्यात नाममात्र मजुरी, हिंडायफिरायला बंदी, दुसरं काम धरायला बंदी, ह्यातलं एक जरी असलं तरी पुरतं. त्या केसमध्ये सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली, लॅमिनेशन मीच करून दिलं. म्हणजे होतं. विचारणारं माणूस बरोबर असलं की होतं. अशी प्रश्नावली छापून प्रत्येक प्रांत ऑफिसला का देत नाहीत हे मला कळत नाही, ह्याला काही बजेट लागत नाही.

आपल्या जोडप्याचं पुढे काय झालं ते सांगतो. १५१०० वर फोन करून विधी सेवेचा वकील मिळाला, फुकट, आणि चांगला मिळाला, ह्या सेवेला पूर्ण मार्क. त्यांनी सरळ कलेक्टर ऑफिसला अर्ज केला की फेरचौकशी करा, वही जोडली, १९७६ च्या कायद्याची कलमं लिहिली, पुराव्याची जबाबदारी मालकाची आहे हे अधोरेखित केलं. मग सुरू झाली दोन जिल्ह्यांची टोलवाटोलवी. प्रमाणपत्र द्यायचं काम जिथे माणूस राबत होता त्या जिल्ह्याचं, पुनर्वसन करायचं काम गावच्या जिल्ह्याचं, आणि मधे राज्याची हद्द. इकडचे म्हणतात तिकडून पत्र आलं नाही, तिकडचे म्हणतात ईमेल केलाय. कितीतरी महिने गेले. एवढ्यात दादा दुसऱ्याच्या शेतात रोजाने, वहिनी कापूस वेचायला, पोरगं मात्र आश्रमशाळेत परत गेलं, ते एक चांगलं झालं. शेवटी प्रमाणपत्र आलं, नवऱ्याच्या एकट्याच्या नावाने. वहिनीचं नाही, पोराचं नाही. बाईचं नाव वहीत नव्हतं म्हणून सरकारी कागदातही आलं नाही. इथेच सगळ्यात मोठं नुकसान आहे, कारण केंद्राच्या योजनेत पुरुषाला १ लाख, बाईला आणि मुलाला २ लाख, आणि तस्करी, लैंगिक अत्याचार अशा गंभीर प्रकारात ३ लाख अशी मदत आहे. म्हणजे योजना करणाऱ्याने बाई आणि पोरगं आधी धरलेत आणि कागद करणाऱ्याने तेच वगळले. त्यासाठी वेगळा अर्ज केलाय, तो अजून चालू आहे.

तातडीची मदत ३० हजारांपर्यंत असते, २०१६ च्या योजनेत ती २० हजार होती, २०२२ पासून वाढवली, हे चांगलं केलं. ती खटल्याच्या निकालासाठी थांबत नाही हेही चांगलं. जिल्ह्याकडे ह्यासाठी निदान १० लाखांचा कायमचा निधी ठेवायची तरतूद आहे म्हणजे दिल्लीची वाट बघायला नको. पण पैसे खात्यात येतात, आणि खातं म्हटलं की माझं दुकान आलं. दादाचं जनधन खातं वापर नसल्याने बंद पडलेलं, आधार लिंक जुन्या मोबाइल नंबरला आणि तो नंबर मुकादमाने घेऊन दिलेला, त्यामुळे ओटीपी मुकादमाकडे जायचा. हे वाचून बघा परत. ज्या माणसापासून सुटायचंय त्याच्याच फोनवर सरकारचा ओटीपी. आधी नंबर बदलला, अंगठे उठत नव्हते कारण विटा थापून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मग डोळ्याने करून घेतलं, मग खातं चालू झालं. सुटका झालेल्या माणसाची केवायसी सोडवतानाच एका टेबलावर करून द्यायला पाहिजे, बँक मित्र सोबत न्या, एवढं सोपं आहे ते.

उरलेली मोठी रक्कम बहुतेक वेळा मालकावरचा गुन्हा सिद्ध होण्यावर अडकते. आणि खटला म्हणजे वर्षं. साक्षीला मजुराने परराज्यात तारखेला जायचं, रोज बुडवून. १९७८ पासून देशात साधारण ३ लाख १५ हजार वेठबिगार सोडवल्याची सरकारची आकडेवारी आहे, आणि २०१६ मध्ये सरकारनेच २०३० पर्यंत १ कोटी ८४ लाख लोकांना शोधून सोडवायचं लक्ष्य ठेवलं होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कळतं वेग किती वाढवावा लागेल. माझ्या मते वेग वाढत नाही तो धाडी कमी पडतात म्हणून नाही. मजुरीचा वाद लिहून फाइल बंद करता येते म्हणून आकडा वर जात नाही.

मुलींच्या बाबतीत थोडक्यात लिहितो कारण तो विषय मला कमी माहीत आहे. लग्न लावून देतो म्हणून गरीब घरच्या मुली परराज्यात नेऊन पैसे घेऊन देणारे दलाल आमच्याकडेही फिरतात. ह्यासाठी जिल्ह्याला मानवी तस्करीविरोधी पथक असतं. मी एकदाच काम पडलं तेव्हा बघितलं, महिला पोलिसांनी मुलीच्या आईशी फार नीट वागणूक केली, मुलगी परत आली. पण मिसिंगची नोंद आधी गावच्या ठाण्यात करायला लागते आणि तिथे "गेली असेल कुणासोबत, येईल दोन दिवसांत" हे ऐकावं लागतं. दोन दिवसांत गाडी हजार किलोमीटर जाते.

आणि आमच्या जुन्या माणसांना हे सगळं नवीन नाही. शहादा-तळोद्याकडे सालदारकी होती, आखाजीला साल ठरायचं, वर्षभर मालकाकडे राबायचं आणि सालाच्या शेवटी देणंच निघायचं. १९७० च्या आसपास तिथे आदिवासींचे नेते अंबरसिंग महाराज उभे राहिले, मग श्रमिक संघटना झाली, सालदारांनी मजुरीचे दर मागितले, जमिनी परत मागितल्या. तिकडे ठाणे जिल्ह्यात विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगारांना बाहेर काढलं. माझे आजोबा सांगायचे, सालदार आधी ऑफिसात गेला नाही, आधी दहा जण एकत्र आले, मग ऑफिस त्यांच्याकडे आलं. आजही मी तेच बघतो, ज्या पाड्यावरून पंधरा-वीस जण एकत्र अर्ज घेऊन येतात त्यांची चौकशी नीट होते, एकटं कुटुंब आलं की त्यांना आपसात मिटवायला सांगतात.

सरकारच्या अजून दोन गोष्टींना चांगलं म्हणायचंय. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहं सुरू केली, गोपीनाथ मुंडेंच्या नावाने महामंडळ झालं. पण त्याचा जोर बीड-नगरकडे जास्त. खान्देशातला ऊसतोड्या गुजरातच्या कारखान्याला जातो, म्हणून महाराष्ट्राच्या यादीत येत नाही आणि गुजरातच्याही येत नाही. त्याची नोंद गावातून निघतानाच ग्रामपंचायतीत झाली पाहिजे, कोण, कुठे, कुणासोबत, किती उचल, बाईचं नाव वेगळं. आणि रोजगार हमीचं काम पोळ्याच्या आधी सुरू करून पैसे आठवड्यात दिले तर निम्मे लोक उचलच घेणार नाहीत, हे मी पाड्यावरच्या लोकांच्या तोंडून ऐकलंय, माझं डोकं नाही त्यात.

दादा परवा दुकानात आला होता, वहिनीच्या अर्जाची पोच घ्यायला. ३० हजारांतून त्याने शेळ्या घेतल्या. मी विचारलं मुकादम परत आला का, तर म्हणाला आला होता, कागद दाखवला, गेला. "आते कोनंच देनं नही," असं म्हणाला आणि प्रमाणपत्राची अजून एक झेरॉक्स मागितली, एक घरी, एक भावाकडे, एक शाळेत मास्तरांकडे ठेवायची म्हणून.

ज्यांना ही सेवा वापरायची वेळ येईल त्यांनी एवढं करा. जबाब देताना घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगळं लिहून घ्या, बाईचं आणि पोरांचं पहिलं. उचल, खर्ची, दर, बाजाराला जाऊ देत होते का, फोन कुणाकडे, हे सगळं सांगा, विचारलं नाही तरी सांगा. जबाब वाचून दाखवल्याशिवाय अंगठा लावू नका, आणि त्यात मजुरीचा वाद असा शब्द आला तर तिथेच थांबा आणि १५१०० लावा. मुकादमाची वही, चिठ्ठी, व्हॉइस मेसेज, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, काहीही असलं तरी फोटो काढून दुसऱ्याच्या फोनवर पाठवून ठेवा. अर्जाची पोच शिक्क्यासहित घ्या. मुक्तता प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय बसमध्ये बसू नका, गाडीभाडं देतो म्हणाले तरी. आमच्या भागातले कुणी असाल तर अर्जाचा मराठी नमुना माझ्याकडे टाइप केलेला आहे, स्टँडसमोर कुणालाही विचारा, ह्या कामाचे झेरॉक्सचे पैसे मी घेत नाही.